वैमानिक होते, कप्तान कमी पडले: डिसेंबर २०२५ च्या उड्डाणकोंडीचा प्रकरण अभ्यास

३ ते ५ डिसेंबर २०२५ या तीन दिवसांत इंडिगोची २,५०७ उड्डाणं रद्द झाली आणि १,८५२ उड्डाणं उशिरा सुटली. तीन लाखांहून जास्त प्रवाशांना त्याचा फटका बसला. एकट्या ५ तारखेला हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. देशांतर्गत प्रवासात जवळपास पासष्ट टक्के वाटा असलेली आणि दिवसाला २,२०० हून जास्त उड्डाणं करणारी कंपनी कोलमडते, तेव्हा प्रवाशाला दुसरीकडे जायला जागाच उरत नाही. ती खरोखरच उरली नाही. बाकीच्या कंपन्यांची तिकिटं इतकी चढली की सरकारला भाड्यावर मर्यादा घालावी लागली.

त्या आठवड्यात परतावे, हरवलेल्या बॅगा आणि तिकिटांचे भाव यावर भरपूर बोललं गेलं, आणि ते बोलायलाच हवं होतं. पण या प्रकरणाचा एक भाग मागे राहिला: वैमानिक तयार कसे होतात, त्याला किती वेळ लागतो आणि वाढत्या बाजारात नेमकी टंचाई कोणाची असते. वैमानिक व्हायची स्वप्नं बघणाऱ्या मुलामुलींनी आणि त्यांच्या पालकांनी तर हा भाग नीट समजून घ्यावा, असं मला कळकळीनं वाटतं.

पासष्टची तूट

सगळ्या गोंधळात एक आकडेवारी बाहेर आली. वैमानिकांच्या ड्यूटी आणि विश्रांतीच्या नव्या नियमांप्रमाणे एअरबस ए-३२० ताफ्यासाठी इंडिगोला २,४२२ कप्तान हवे होते, हातात होते २,३५७. फर्स्ट ऑफिसर, म्हणजे उजव्या खुर्चीतले सहवैमानिक, हवे होते २,१५३ आणि होते २,१९४.

हे चार आकडे शांतपणे शेजारी ठेवून पाहा. सहवैमानिक गरजेपेक्षा ४१ जास्त, कप्तान गरजेपेक्षा ६५ कमी. दोन्हींची बेरीज केली तर ४,५७५ च्या जागी ४,५५१ वैमानिक होते. तूट अर्ध्या टक्क्याच्या आसपास. ‘वैमानिकांची टंचाई’ या शब्दांनी जे चित्र डोळ्यांपुढे येतं ते इथे दिसत नाही. टंचाई होती ती डाव्या खुर्चीची, खांद्यावर चार पट्टे असलेल्या माणसाची. उजव्या खुर्चीत कितीही जण तयार असले तरी कप्तानाशिवाय विमान धावपट्टीकडे वळतसुद्धा नाही.

पासष्ट कप्तान कमी होते म्हणून अडीच हजार उड्डाणं रद्द झाली, असं सरळ गणित मांडणं मात्र चुकीचं ठरेल. डीजीसीए या सरकारी विमानवाहतूक नियामकाच्या चौकशीत कारणं अनेक निघाली: माणसं आणि विमानं अगदी काठोकाठ वापरण्याची पद्धत, नियमांची अपुरी तयारी, रोस्टरच्या, म्हणजे कोणाची ड्यूटी कधी ते ठरवणाऱ्या तक्त्याच्या, संगणकप्रणालीतल्या उणिवा, व्यवस्थापनातली ढिलाई. पुढे जानेवारी २०२६ मध्ये कंपनीला २२ कोटी २० लाख रुपयांचा दंड झाला. पण काठोकाठ भरलेल्या रोस्टरमध्ये एक तडा गेला की तो पसरतो. धुक्यानं एक विमान अडकतं, त्यावरच्या कप्तानाची ड्यूटीची वेळ संपते, त्याच्या जागी बसवायला दुसरा कप्तान त्या शहरात नसतो, आणि पुढची चार उड्डाणं जातात. देशभराची सरासरी अडीच-पावणेतीन टक्क्यांची तूट दाखवत असताना एखाद्या तळावर एखाद्या रात्री ती कितीतरी मोठी असू शकते.

नियम अचानक आला नव्हता

वैमानिकांच्या ड्यूटी आणि विश्रांतीचे सुधारित नियम डीजीसीएनं जानेवारी २०२४ मध्येच काढले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली. ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरायची ठरली. रात्रीच्या त्या टप्प्यात एका वैमानिकाला सहाच्या जागी फक्त दोन लँडिंग करता येतील असं ठरलं. सुरुवातीला हे जून २०२४ पासून लागू व्हायचं होतं, ते पुढे ढकललं गेलं. मग प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि टप्पे ठरले: बावीसपैकी पंधरा कलमं १ जुलै २०२५ पासून, उरलेली १ नोव्हेंबर २०२५ पासून.

थकलेला वैमानिक ही उड्डाणसुरक्षेतली जुनी आणि पुराव्यानिशी सिद्ध झालेली जोखीम आहे. पहाटे चारला तिसरं-चौथं लँडिंग करणाऱ्या माणसाची झोप हा त्याच्या मागे बसलेल्या १८० जणांच्या जिवाचा प्रश्न असतो. त्यामुळे हा नियम जाचक होता, ही तक्रार मला मान्य नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. नियम निघाल्यापासून शेवटचा टप्पा येईपर्यंत बावीस महिने होते. त्याच काळात कंपनीचं वेळापत्रक मात्र वाढत गेलं. २०२५ च्या हिवाळी वेळापत्रकात इंडिगोला आठवड्याला १५,०१४ उड्डाणांची मंजुरी मिळाली, आधीच्या उन्हाळी वेळापत्रकापेक्षा सुमारे सहा टक्के जास्त. म्हणजे एका बाजूनं प्रत्येक कप्तानाकडून मिळणारं काम कमी होणार हे ठरलं होतं, दुसऱ्या बाजूनं काम वाढवलं जात होतं, आणि ही वाढ मंजूर करणारी संस्था तीच होती जिनं नियम काढले होते. वेळापत्रक मंजूर करताना ‘कप्तान किती, कुठे’ हा रकाना तपासला गेला असता तर संकट नोव्हेंबरच्या आधी कागदावरच दिसलं असतं.

वैमानिकांच्या संघटनेनं तेव्हा जाहीरपणे आरोप केला की कंपनीनं मुद्दाम कमी माणसांवर काम चालवलं आणि भरती थांबवून ठेवली. पण समजा जानेवारी २०२४ मध्येच जोरात भरती सुरू केली असती, तरी बावीस महिन्यांत कप्तान मिळाले असते का? नवख्यांची भरती करून तर नक्कीच नाही.

चौथा पट्टा कसा मिळतो

भारतात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, सगळे ज्याला सीपीएल म्हणतात तो, मिळवायला किमान वय १८ आणि किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास स्वतः कप्तान म्हणून, ५० तास क्रॉस कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणारं उड्डाण, त्यातच ३०० सागरी मैलांची एक मोठी फेरी, शिवाय रात्रीचं आणि उपकरणांवरचं उड्डाण. जोडीला नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, रेग्युलेशन्स आणि टेक्निकलच्या लेखी परीक्षा, क्लास वन मेडिकल. हे सगळं पार केलेला विद्यार्थी एक-दोन इंजिनांचं छोटं विमान उत्तम चालवतो. ए-३२० मध्ये मात्र तो अजून बसू शकत नाही.

त्यासाठी टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट प्रकारचं विमान चालवण्याची पात्रता: आधी वर्ग, मग फुल-फ्लाइट सिम्युलेटरवरची, म्हणजे कॉकपिटच्या हुबेहूब हलत्या प्रतिकृतीतली सत्रं. त्यानंतर बेस ट्रेनिंग, म्हणजे रिकामं विमान घेऊन प्रत्यक्ष उतरण्या-उडण्याचा सराव. मग प्रवाशांसह लाइन ट्रेनिंग. यात डाव्या खुर्चीत साधा कप्तान चालत नाही, प्रशिक्षक कप्तान लागतो, आणि सुरुवातीच्या फेऱ्यांना मागच्या जंप सीटवर सेफ्टी पायलट म्हणून आणखी एक पूर्ण तयार वैमानिक बसवावा लागतो. एका नवख्याला उभं करताना तीन जण कॉकपिटमध्ये असतात. शेवटी रिलीज चेक, म्हणजे अखेरची तपासणी, झाली की तो मोकळा फर्स्ट ऑफिसर होतो.

इथून पुढचा रस्ता लांब आहे आणि त्याला आडवाट नाही. एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स, म्हणजे एटीपीएल, १,५०० तासांशिवाय मिळत नाही, आणि कप्तानपदाच्या प्रशिक्षणाला घेताना कंपन्या बहुधा त्याहून बरेच जास्त तास पाहतात. वैमानिकाला बारा महिन्यांत १,००० तासांपेक्षा जास्त उडता येत नाही, ती कमाल मर्यादा आहे. रजा, आजारपण, प्रशिक्षण, रोस्टरमधले रिकामे दिवस धरले तर प्रत्यक्षातले तास त्याहून कमीच भरतात. त्यामुळे उजव्या खुर्चीतून डावीकडे सरकायला चार-पाच वर्षं लागणं ही सामान्य गोष्ट आहे. पैसे ओतून ही वर्षं कमी करता येत नाहीत.

आणि आता या प्रकरणातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कप्तानपदाचं प्रशिक्षण घेणारा फर्स्ट ऑफिसर डाव्या खुर्चीत बसतो तेव्हा उजव्या खुर्चीत कोण असतं? प्रशिक्षक कप्तान. एरवी ज्यानं डाव्या खुर्चीत बसून एक स्वतंत्र उड्डाण नेलं असतं, तो अनुभवी माणूस काही महिने कुणाचा तरी सहवैमानिक होऊन बसतो. कप्तान घडवायला कप्तानच खर्ची पडतो. ज्या दिवशी कप्तान कमी असतात त्याच दिवशी नवे कप्तान घडवणं सर्वांत महाग पडतं, आणि वेळापत्रक सांभाळणाऱ्या माणसाला ते प्रशिक्षण पुढच्या महिन्यावर ढकलायचा मोह होतो. शेतकऱ्यानं बियाण्याचं धान्य दळून खावं तसा हा प्रकार आहे.

डिसेंबरमध्ये हे उघडपणे घडलं. संकट आवरण्यासाठी डीजीसीएनं जी मुभा दिली तिच्यात, सिम्युलेटरवर तपासणीच्या कामावर असलेल्या ए-३२० पात्र निरीक्षकांना आणि परीक्षक वैमानिकांना काही दिवस प्रत्यक्ष उड्डाणांवर बसवण्याची सोय होती. जे लोक पुढच्या कप्तानांची परीक्षा घेणार होते तेच त्या दिवसाची उड्डाणं न्यायला बाहेर काढले गेले. त्या आठवड्यापुरतं ते समजण्यासारखं होतं. वाढत्या कंपनीत मात्र हा प्रकार छोट्या प्रमाणात रोज चालू असतो, कुणी त्याची बातमी करत नाही इतकंच.

सिम्युलेटरचंही असंच आहे. लोकांना वाटतं तो नव्या मुलांसाठी असतो. पण नोकरीत असलेल्या प्रत्येक वैमानिकाची दर सहा महिन्यांनी त्यावर तपासणी होते. ४,५५१ वैमानिक जोडीजोडीनं बसवले तरी केवळ या नियमित तपासण्यांची वर्षाला साडेचार हजारांच्या आसपास सत्रं होतात. टाइप रेटिंग आणि कप्तानपदाचे अभ्यासक्रम त्यावर आणखी. सिम्युलेटर विकत घेता येतो, त्यात शिकवणारा प्रशिक्षक विकत मिळत नाही. तो पुन्हा कप्तानांमधूनच यावा लागतो.

दुसऱ्या टोकाची गर्दी

आता याच काळात देशात काय चाललं होतं ते पाहू. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियानं ४७० विमानांची मागणी नोंदवली, जूनमध्ये इंडिगोनं ए-३२० कुटुंबातली ५००, जानेवारी २०२४ मध्ये अकासानं १५० बोइंग ७३७ मॅक्स. एका वर्षाच्या आत तीन कंपन्यांची मिळून १,१२० विमानं. सरकारकडून येत्या पंधरा-वीस वर्षांत ३० हजार वैमानिक लागतील असं सांगितलं गेलं. या आकड्यानं घराघरांत स्वप्नं पेरली.

सीपीएलची संख्याही वाढली. २०२२ मध्ये डीजीसीएनं १,१६५ परवाने दिले, २०२३ मध्ये १,६२२. त्यांतले बरेच विद्यार्थी अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंडसारख्या देशांत तास पूर्ण करून आले होते, कारण आपल्याकडच्या शाळांत २०० तासांना कधीकधी दोन-तीन वर्षं लागतात. पावसाळ्यात उड्डाणं थांबतात, सुट्या भागासाठी विमान उभं राहतं, आणि शिकवणारा इन्स्ट्रक्टर स्वतःचे तास भरले की एअरलाइनमध्ये निघून जातो. वाढत्या बाजाराचा हा आणखी एक चटका: मोठ्या कंपन्या भरती वाढवतात तेव्हा पहिल्यांदा रिकाम्या होतात त्या फ्लाइंग स्कूल.

सरकारनं या टोकाला बरंच काम केलं, ते मान्य करायला हवं. २०२० मध्ये विमानतळ प्राधिकरणानं फ्लाइंग स्कूलसाठी धोरण सैल केलं, रॉयल्टी काढून टाकली. २०२१ मध्ये बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी या पाच विमानतळांवर नऊ शाळांना जागा दिल्या गेल्या, २०२२ मध्ये भावनगर, हुबळी, कडप्पा, किशनगढ आणि सेलम इथे आणखी सहा. ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीए शाळांची श्रेणी जाहीर करू लागलं. पहिल्याच यादीत ३५ पैकी एकही शाळा वरच्या दोन श्रेणींत बसली नाही. १३ शाळांना ‘बी’ मिळाला, २२ शाळांना ‘सी’. पालकांनी फी भरण्याआधी ही यादी जरूर पाहावी.

पण डिसेंबरच्या आकड्यांकडे परत या. इंडिगोकडे सहवैमानिक ४१ जास्त होते. फ्लाइंग स्कूल वाढवल्यानं जो माणूस तयार होतो, तो या रांगेच्या शेवटी येऊन उभा राहतो. प्रशिक्षक कप्तान आणि सिम्युलेटरची सत्रं जितकी, तितकीच माणसं त्या रांगेतून दर महिन्याला पुढे सरकतात. म्हणून एकाच देशात, एकाच वर्षी, कंपन्या वैमानिकांची टंचाई सांगतात आणि परवाना हातात असलेली तरुण मुलं नोकरीची वाट पाहत बसलेली असतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परवान्याचा खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो, टाइप रेटिंग धरलं तर कोटीच्या दिशेनं. हे पैसे बहुतेक घरांत कर्जाचे असतात, आणि हप्ते पहिल्या पगाराच्या आधी सुरू होतात. उड्डाण थांबलं की तपासण्यांची मुदतही संपत जाते, म्हणजे वाट पाहण्याचाही खर्च असतो. ३० हजारांचा आकडा सांगणाऱ्या प्रत्येक जाहिरातीत ही ओळ असायला हवी होती.

पळवापळवीचा उपाय

कप्तान घडवायला वर्षं लागतात, मग चटकन हवा असेल तर एकच मार्ग उरतो: शेजाऱ्याकडचा उचलणं. २०२३ मध्ये अकासानं हा अनुभव घेतला. ४३ वैमानिक नोटिशीचा काळ पूर्ण न करता निघून गेले, आणि कंपनीनं दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं की त्यामुळे बंद पडायची वेळ येऊ शकते. २०१७ च्या नियमाप्रमाणे सहवैमानिकाला सहा महिने आणि कप्तानाला एक वर्ष आधी नोटीस द्यावी लागते. एवढी लांब नोटीस फार कमी व्यवसायांत असेल. वैमानिकांच्या बाजूनं ती जाचक आहे, आणि तिच्या आडून कंपन्यांनी पगार आणि वागणूक सुधारण्याचं टाळलं तर ते अन्यायाचंच ठरेल. पण ती इतकी लांब का आहे, हे कप्तानाचं प्रशिक्षण समजलं की कळतं. परदेशी कप्तानांना तात्पुरती परवानगी देऊन बोलावणं हा दुसरा मार्ग, आणि तोही देशानं वर्षानुवर्षं वापरला आहे. दोन्ही मार्गांनी देशातल्या कप्तान घडवण्याच्या क्षमतेत एकाचीही भर पडत नाही.

हातात काय होतं

बावीस महिन्यांत शून्यातून कप्तान झाले नसते, पण उजव्या खुर्चीत तीन-चार वर्षं काढलेल्यांना डावीकडे आणता आलं असतं. त्यासाठी २०२४ च्या सुरुवातीलाच काही प्रशिक्षक कप्तान वेळापत्रकातून पूर्ण बाजूला काढायला हवे होते, आणि त्यामुळे कमी होणारी उड्डाणं मुकाट्यानं सोसायला हवी होती. त्या वर्षी नफ्याला थोडी झळ बसली असती. शेवटी झालं काय? कंपनीच्या वेळापत्रकात सरकारी आदेशानंच दहा टक्के कपात झाली, वर दंड आणि परतावे. रात्रीच्या लँडिंगचे निर्बंध १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत कंपनीच्या ए-३२० ताफ्यासाठी शिथिल करावे लागले, म्हणजे तोवर थकव्याची जोखीम वैमानिकांवर आणि प्रवाशांवर राहिली. मला या प्रकरणातली ही गोष्ट सगळ्यात जास्त खटकते. नियोजन चुकलं कंपनीचं, आणि विश्रांती कापली गेली ती तिच्या वैमानिकांची.

नियामकाच्या हातातही एक साधं साधन आहे. दर सहा महिन्यांनी वेळापत्रक मंजूर होतंच. त्या अर्जासोबत प्रत्येक विमानप्रकारासाठी कप्तान, फर्स्ट ऑफिसर, प्रशिक्षक आणि परीक्षक यांची तळनिहाय संख्या मागवावी, प्रशिक्षणासाठी राखून ठेवलेले कप्तान त्यातून वजा करावेत आणि उरलेल्यांवर उड्डाणं मंजूर करावीत. हे आकडे सार्वजनिक झाले तर आणखी उत्तम. फर्स्ट ऑफिसर किती दिवसांत कप्तान होतो आणि टाइप रेटिंग झालेला मुलगा लाइन ट्रेनिंगसाठी किती महिने थांबतो, या दोन गोष्टी कळल्या तरी फ्लाइंग स्कूलच्या दारात उभ्या असलेल्या पालकांना ३० हजारांच्या आकड्यापेक्षा खूप जास्त समजेल.

२०२३ मध्ये मागवलेली इंडिगोची ५०० विमानं २०३० ते २०३५ या काळात यायची आहेत. एअर इंडियानं अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर ३४ शिकाऊ विमानांची, वर्षाला १८० वैमानिक घडवणारी शाळा उभारायचं जाहीर केलं आहे. विदर्भातल्या मुलांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. तिथे २०२६ मध्ये दाखल होणाऱ्या मुलीचा परवाना २०२८ च्या आसपास हातात येईल, टाइप रेटिंग आणि लाइन ट्रेनिंग वेळेत झालं तर २०२९ मध्ये ती उजव्या खुर्चीत बसेल, आणि सगळं सुरळीत गेलं तर २०३३-३४ मध्ये डाव्या. त्या वर्षी तिला शिकवायला लागणारे प्रशिक्षक कप्तान आज उजव्या खुर्चीत बसलेले आहेत.